रूपाचे पेटंट की कार्याचे? अ‍ॅपल-सॅमसंग वादातील दोन हक्क

एप्रिल २०११ मध्ये अ‍ॅपलने कॅलिफोर्नियातील न्यायालयात सॅमसंगवर दावा दाखल केला, तेव्हा अमेरिकी कायद्यातील दोन वेगळ्या पेटंटहक्कांचा आधार घेतला होता. युटिलिटी पेटंट उपकरण कसे चालते याचे संरक्षण करते; यादी संपताच पडद्यावरील मजकूर उसळी घेऊन मागे येणे हे त्याचे या खटल्यातील ठळक उदाहरण. डिझाइन पेटंट मात्र केवळ रूपाचे असते: गोलाकार कोपऱ्यांचा सपाट दर्शनी भाग, रंगीत चिन्हांची मांडणी.

पहिला हक्क अधिक भारदस्त वाटतो, कारण त्यामागे अभियांत्रिकी असते आणि त्याची मुदतही अर्जापासून २० वर्षांची असते. भरपाईचे गणित मात्र उलटे आहे. युटिलिटी पेटंटचा भंग झाल्यास बुडालेला नफा किंवा वाजवी स्वामित्वधन मिळते, तर डिझाइनची नक्कल सिद्ध झाल्यास त्या वस्तूवरील संपूर्ण नफा मागता येतो. मे २०१८ मध्ये ज्यूरीने ठरवलेल्या सुमारे ५३.९ कोटी डॉलरपैकी ५३.३ कोटी डिझाइनसाठी होते. युटिलिटी पेटंटच्या वाट्याला जेमतेम ५३ लाख आले.

हे प्रमाण मला न्याय्य वाटत नाही. ‘वस्तू’ म्हणजे संपूर्ण फोनच असला पाहिजे असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये एकमताने सांगितले होते, पण ती वस्तू ओळखण्याची कसोटी मात्र घालून दिली नव्हती. जून २०१८ मध्ये दोन्ही कंपन्यांनी तडजोड केली आणि खालच्या न्यायालयाने वापरलेली कसोटी या खटल्यात वरिष्ठ न्यायालयापुढे तपासली गेलीच नाही.