उशाशी पेटी, छातीत पेसमेकर : ११ महिने वापरल्यावर

गेल्या वर्षी आण्णा दोनदा चक्कर येऊन पडले. नाडी मिनिटाला ३६. २४ तासांचा हॉल्टर (हृदयाचे ठोके सलग नोंदवणारं, अंगावर बांधायचं यंत्र) लावला, त्यात हार्ट ब्लॉक निघाला आणि कोल्हापूरला दोन तारांचा पेसमेकर बसला. (हा ब्लॉक म्हणजे रक्तवाहिन्यांमधलं ब्लॉकेज नव्हे. हृदयाच्या वरच्या कप्प्यातून निघालेला विजेचा इशारा खाली पोचत नाही, तो. नातेवाइकांना हे सांगून सांगून मी थकलो.) पेसमेकरबरोबर एक पेटी मिळाली, जुन्या लँडलाइन फोनएवढी. ती उशाशी ठेवायची. रात्री माणूस झोपला की ती पेसमेकरमधल्या नोंदी बिनतारी ओढून घेते आणि आतल्या सिमवरून हॉस्पिटलला पाठवते. आईआण्णा देवरुखजवळच्या वाडीत, मी ठाण्यात. तेव्हा हे सगळं मला वरदानच वाटलं होतं.

आधी जो गैरसमज आम्हाला भोवला असता तो सांगतो. श्रावणात एका रात्री आण्णांना दरदरून घाम फुटला. आईने मला फोन केला तो तासाभराने. का, तर "पेटीने डॉक्टरांना कळवलंच असेल ना!" नाही कळवत. आमची पेटी रात्रीतून एकदा नोंदी पाठवते आणि हॉस्पिटलमध्ये त्या कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेत बघितल्या जातात. रात्री दोन वाजता पडद्यासमोर कोणी बसलेलं नसतं. त्या रात्री साखर उतरली होती, निभावलं. आता पेटीशेजारच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात १०८ लिहून ठेवलंय. पेसमेकर बसवताना हे कुणीतरी ठासून सांगायला हवं होतं.

मग उपयोग काय? तो तिसऱ्या महिन्यात कळला. हॉस्पिटलमधून फोन आला, "आजोबांना धडधड होतेय का?" आण्णा म्हणाले, छे, आत्ताच आंब्याला आळी करून आलो. पण नोंदींमध्ये वरच्या कप्प्यांची अनियमित, अतिवेगवान लय दिसत होती. एकदा तर सलग सहा तासांहून जास्त. एट्रियल फिब्रिलेशन. यात वरच्या कप्प्यात रक्त साकळून गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूत गेली तर पक्षाघात. डॉक्टरांनी बोलावून घेतलं, वय, मधुमेह, बीपी सगळं धरून रक्त पातळ करणारी गोळी सुरू केली. पेटी नसती तर हे पुढच्या तपासणीपर्यंत, म्हणजे आणखी काही महिने, कुणाला कळलंच नसतं. पेटीचे पैसे माझ्या लेखी इथेच वसूल झाले.

आता तक्रारी. आतलं सिम कंपनीने घातलेलं, बदलता येत नाही, आणि त्या नेटवर्कला आमच्या माजघरात रेंज नाही. चिऱ्याच्या जाडजूड भिंती! पेटी हातात धरून मी अख्खं घर फिरलो. हिरवा दिवा लागला तो रस्त्याकडच्या खिडकीत. पण पेटी माणसापासून दोन-तीन मीटरच्या आत हवी. शेवटी पलंग खिडकीशी नेला. मे महिन्यात उकाड्याने आण्णा गुपचूप पडवीत झोपायला लागले आणि १२ दिवस एकही नोंद गेली नाही. हेल्पलाइनवाला इंग्रजी-हिंदीतून आईला म्हणतो, पेटी रिस्टार्ट करा. पेटी ठणठणीत होती, पेशंटच जागेवर नव्हता!

पावसाळ्यात तीन दिवस वीज गेली तेव्हा मात्र काही बिघडलं नाही. नोंदी पेसमेकरमध्येच साठतात, वीज आल्यावर गेल्या.

पेटीवरच्या बटणाचं एक सांगायचं राहिलं. ते दाबलं की नोंदी लगेच जातात. आण्णा रोज पूजा आटोपली की दाबायला लागले. आठवड्याने फोन, "आजोबा, आम्ही सांगितल्याशिवाय दाबू नका, पेसमेकरची बॅटरी खर्च होते." ते जरा खट्टू झाले. शर्टाच्या डाव्या खिशात मोबाइल ठेवायची सवय अजून सुटलेली नाही. पेसमेकरपासून १५ सेंटिमीटर लांब ठेवायला सांगितलंय, आई दिवसातून चारदा आठवण करते.

आणि नोंदी आपल्याला दिसत नाहीत, याचा मला खरा राग आहे. हृदय आमचं, पैसे आमचे, आणि आम्हाला दिसतो फक्त हिरवा दिवा. अहवाल मागून घ्यावा लागतो. पेसमेकरचं सेटिंगही पेटीवरून बदलत नाही, त्यासाठी कोल्हापूर गाठावंच लागतं. पण आंबा घाटातल्या फेऱ्या कमी झाल्या, हेही खरं.

हॉल्टर ज्यांच्या नावाने ओळखला जातो त्या नॉर्मन हॉल्टर यांचं पहिलं यंत्र सुमारे ३८ किलोचं होतं, पाठीवर बांधायचं. आण्णांना सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे भाताचं पोतंच की!"

आईने पेटीवर क्रोशाचा रुमाल घातलाय, धूळ बसू नये म्हणून. दिव्याकडचा कोपरा तेवढा दुमडून ठेवते.