बॅटरीचा माल: प्रवासी विमानाच्या पोटात की मालवाहू विमानात?

नागपूरजवळच्या बुटीबोरीत लिथियम बॅटरीचे सौर कंदील बनवणारा भाचा अडलाय: माल कशातून पाठवायचा? 'शंभर टक्के सुरक्षित' हे एजंटचं बोलणं बाजूला ठेव, बाबू.

आधी आग. प्रवासी विमानाच्या होल्डमध्ये, म्हणजे पोटातल्या सामानाच्या कप्प्यात, धूर ओळखणारे सेन्सर आणि आग विझवणारा हॅलॉन वायू असतो. १९९६ मध्ये व्हॅल्यूजेटच्या होल्डमध्ये ऑक्सिजन जनरेटरमुळे आग भडकली, ११० जण गेले. त्यानंतर अमेरिकेने ही यंत्रणा सक्तीची केली. मालवाहू विमानाच्या मुख्य डेकवर, म्हणजे माल ठेवायच्या वरच्या मजल्यावर, सहसा हॅलॉन नसतो. वैमानिक मास्क लावून तिथला हवेचा पुरवठा तोडतात, दाब सोडतात. विरळ हवेत आग मंदावते. लिथियम बॅटरीच्या आगीपुढे मात्र दोन्ही उपाय तोकडे. हॅलॉन ज्वाळा दाबतो, सेल थंड करत नाही. शेजारचा सेल तापून पेटतोच. २०१० मध्ये दुबईहून उडालेलं यूपीएसचं विमान अशाच आगीत पडलं, दोन्ही वैमानिक गेले. म्हणून शॉर्ट होऊन आग लागू नये यासाठी पॅकिंगमध्ये बॅटरीचं टर्मिनल (धातूचं टोक) उघडं राहता कामा नये.

दाब दोन्हीकडे सारखाच, फार तर ८,००० फुटांवर असतो तेवढा. हवाबंद पाकिटं फुगतात, बस.

खर्चात नागपूरच्या सोनेगाव विमानतळाहून प्रवासी विमान सोपं. मालवाहूसाठी मुंबईपर्यंत ट्रक लागला तर तेही भाडं धर.

बॅटरी कंदिलातच बसवलेली असेल तर नियमातलं लेबल लावून प्रवासी विमान चालेल. सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या २०१६ पासून प्रवासी विमानात माल म्हणून बंद आहेत. त्यांना मालवाहूच, तेही चार्ज ३० टक्क्यांच्या आत ठेवून.