पंप उतरवलाच नाही, 27,800 रुपये मात्र घेतले

माझी गाडी जुनी, सहा सिलिंडरची, इनलाइन पंपाची, म्हणजे सहाही सिलिंडरला डिझेल फेकणारा एकच पंप. एकच गाडी आहे आणि ती मीच चालवतो. चढाला दम सोडत होती, सकाळी स्टार्ट व्हायला वेळ लावायची, पांढरा धूर मारायची. पंप मिस्त्रीने रेस देऊन ऐकलं आणि म्हणाला, एलिमेंट (पंपातले डिझेल दाबून फेकणारे भाग) गेलेत, पंप उतरवून टेस्ट बेंचवर, म्हणजे तपासणीच्या मशीनवर, लावावा लागेल. निदान बरोबर होतं, म्हणूनच मी फसलो. सहा एलिमेंट 14,400, सहा डिलिव्हरी व्हॉल्व्ह 5,400, कॅलिब्रेशन (प्रत्येक एलिमेंटचं डिझेल मोजून सारखं करणं) 6,500, टायमिंग (डिझेल कधी पडायचं ती वेळ लावणं) 1,500. त्यातले 15,000 आधी दिले, 12,800 गाडी नेताना. सगळे रोख. बिल म्हणून वहीचं फाडलेलं पान, त्यावर ना शिक्का ना जीएसटी नंबर.

गाडी घ्यायला गेलो तेव्हा रात्र झाली होती. मोबाइलच्या उजेडात बघितलं तर पंपाला नवा चंदेरी रंग. हात पुढे केला तसा तो म्हणाला, "शेठ, हात नका लावू, रंग ओला आहे." मी हात मागे घेतला. त्या क्षणी डोळ्यांसमोर काय होतं ते आता रोज आठवतं. रंग फक्त पंपाच्या पोटाला होता. वरून नोझलकडे जाणाऱ्या सहा पाइपांच्या नटांवर डिझेल आणि धुळीचा जुना काळा थर जसाच्या तसा होता, कुठेही पान्याचा ओरखडा नाही. ते सहा नट सोडल्याशिवाय पंप उतरूच शकत नाही! चकाकत होते ते फक्त कपलिंगचे, म्हणजे पंप इंजिनाला जोडणाऱ्या सांध्याचे, दोन बोल्ट. हे मी बघितलं, पण त्याचा अर्थ लावला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे माल भरायचा होता, हप्त्याची तारीख जवळ आली होती आणि 19 वर्षं स्टिअरिंगवर काढली तरी पंपाचं काम माझं नाही. जुने पार्ट मागितले तर म्हणाला भंगारात गेले. जुने पार्ट हातात पडल्याशिवाय एक रुपयासुद्धा देऊ नका.

त्याने केलं काय होतं? झिजलेला एलिमेंट डिझेल कमी आणि उशिरा फेकतो. कपलिंगचे बोल्ट ढिले करून टायमिंग ॲडव्हान्स केलं, म्हणजे डिझेल आधी पाडलं, गव्हर्नरजवळचं (पंपाचा वेग-डिझेल सांभाळणारा भाग) शिशाचं सील तोडून डिझेल वाढवलं की तो दोष काही दिवस झाकला जातो. पंपाचा शाफ्ट क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून कपलिंगवर 3 अंश सरकवले की क्रँकवर 6 अंश होतात. पहिले चार दिवस गाडी अशी ओढत होती की मी दोघा ओळखीच्यांना त्याचंच नाव सांगितलं. त्याची लाज पैशांपेक्षा जास्त वाटते. ठोका कडक येत होता, तो मी नव्या पंपाचा आवाज समजलो. पाचव्या दिवशी घाटात तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला, ब्रीदरमधून (इंजिनाची हवा सोडणारी नळी) धूर सुटला. चार नंबरचा पिस्टन वितळला, हेड गॅस्केट गेलं. इंजिनाचा खर्च 92,400. म्हणजे एकूण 1,20,200, आणि गाडी अकरा दिवस उभी.

दुसऱ्या फिटरने इंजिन उघडण्याआधी माझ्यासमोर स्पिल टायमिंग, म्हणजे पंप डिझेल नेमकं कधी फेकायला लागतो ते, तपासलं. फ्लायव्हीलवर खूण 6 अंश आधी येत होती. त्याचा व्हिडिओ काढला, तेवढंच माझ्या हातात आहे. कामाला गाडी देताना कपलिंगवर लोखंडी पंच ठोकून स्वतःची खूण करा. बेंचचा रिपोर्ट मागा, त्यात प्रत्येक एलिमेंटचं माप वेगळं लिहिलेलं असतं.

पोलीस ठाण्यात तीन फेऱ्या मारल्या. "हा दिवाणी वाद आहे, कोर्टात जा." न केलेल्या कामाचे, न बसवलेल्या पार्टचे पैसे घेणं हा दिवाणी वाद कसा? भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम 318 मग कशासाठी आहे? अर्जाची पोच मागितली तर साहेब जेवायला गेलेत. दुसऱ्या फेरीला साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्या वेळी मी बाकावरून उठलोच नाही, तेव्हा कुठे शिक्का मिळाला. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली तर जीएसटी नंबर विचारला. तो असता तर पानावर बिल कशाला घेतलं असतं? ग्राहक आयोगाच्या खिडकीवरचा माणूस गाडीचा नंबर बघूनच म्हणाला, व्यावसायिक वाहन आहे, तुम्ही ग्राहक नाही. हे खोटं आहे, ऐकून परत येऊ नका. 2019 च्या कायद्यात स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः राबणाऱ्याला ग्राहकच धरलं आहे, आणि 5 लाखांपर्यंत दिलेल्या रकमेच्या तक्रारीला फी नाही. दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. मला हे त्या खिडकीवर कोणी सांगितलं नाही, एका वकिलाने फुकट सांगितलं. तक्रार दाखल केली आहे.

नंतर पंप खरंच उघडला तेव्हा आतून निघालेले सहाही जुने एलिमेंट मी नंबर टाकून डब्यात ठेवलेत. तो मिस्त्री आजही दुकान उघडून बसतो. तुमची गाडी आत्ता पंपाच्या कामाला लागली असेल तर पैसे द्यायच्या आधी, दिवसाउजेडी, पाइपांचे नट बघा.