मुलासाठी किडनीदाता शोधताना : पुण्यातील एका प्रत्यारोपण विभागाचा अनुभव

मुलाला किडनी प्रत्यारोपण सांगितले आहे आणि घरातून कोण देऊ शकेल याची चर्चा सुरू आहे, अशा पालकांसाठी पुण्यातील एका धर्मादाय रुग्णालयाच्या प्रत्यारोपण विभागाबद्दल सविस्तर लिहीत आहे. मूत्रमार्गातील जन्मजात पडद्यामुळे माझ्या मुलाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या, नवव्या वर्षी तो घरीच पोटाच्या डायलिसिसवर होता आणि त्याच्या आजीने दिलेली किडनी त्याला याच विभागात बसवली गेली.

या विभागाची सर्वांत मोलाची बाब म्हणजे येथे दात्याला नकार देण्याची खरीखुरी मोकळीक मिळते. समन्वयक मॅडम प्रत्येक इच्छुक नातेवाइकाशी दार लावून एकट्याने बोलतात आणि त्या वेळी मुलाच्या आईवडिलांनाही आत बसू देत नाहीत. दाता स्त्री असेल तर तिची संमती स्वतंत्रपणे पडताळावी, असे अवयव प्रत्यारोपणाच्या २०१४ च्या नियमांतच आहे, पण नियमापुरती सही घेणे वेगळे आणि "आजी, तुम्हाला कुणी भरीला तर घातलं नाही ना?" असे सरळ विचारणे वेगळे. कोणी माघार घेतली, तरी घरच्यांना "दाता म्हणून योग्य नाहीत" एवढेच कळवले जाईल, हे आम्हाला पहिल्याच भेटीत सांगितले होते. आमच्याकडेही एका नातेवाइकाबद्दल असा निरोप आला. कारण आम्ही विचारले नाही, आणि कधी विचारणारही नाही.

कायद्याची माहितीही येथे वेळेवर मिळाली. मुलाचा रक्तगट ओ, त्याच्या आईचा बी, त्यामुळे तिची किडनी त्याला चालणार नव्हती, आणि मधुमेहामुळे मी स्वतः बाद. मुलाची आत्या ओ गटाची आणि मनापासून तयार होती. परंतु अवयव प्रत्यारोपण कायद्याच्या दृष्टीने आत्या, काका, मामा, मावशी हे निकटचे नातेवाईक ठरत नाहीत आणि त्यांच्यासाठी प्राधिकार समितीची, म्हणजे अशा दानाला परवानगी देणाऱ्या समितीची, मंजुरी लागते. आजी-आजोबांचा समावेश मात्र २०११ च्या दुरुस्तीने झालेला आहे. दोन कुटुंबांत दात्यांची अदलाबदल करण्याचा मार्गही त्यांनी समजावला आणि ओ गटाच्या रुग्णाला त्यात जास्त थांबावे लागते, कारण ओ गटाचा दाता बहुधा आपल्याच माणसाला थेट देऊ शकतो, हेही आडपडदा न ठेवता सांगितले.

आजीच्या तपासण्यांत कुठेही घाई झाली नाही. क्रॉसमॅच (दोघांचे रक्त जुळते का याची चाचणी), डीटीपीए स्कॅन (प्रत्येक किडनी किती काम करते ते दाखवणारा) आणि सीटी अँजिओग्राफी (किडनीच्या रक्तवाहिन्यांची तपासणी) झाल्यावर डॉक्टरांनी स्कॅनचा कागद त्यांच्यापुढे ठेवला, कोणती किडनी किती काम करते ते बोटाने दाखवले आणि दोन्हींपैकी जी अधिक चांगली ती तुमच्याकडेच राहील, असे सांगितले. त्यानंतर आमच्या घरातली धास्ती बरीच कमी झाली.

कागदपत्रांच्या बाबतीत मात्र आमची फार ओढाताण झाली. आजीचे शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचे माहेरचे नाव आणि आधारवरचे सासरचे नाव जुळत नव्हते; ही अडचण फाइल मंजुरीसाठी जाण्याच्या ऐन तोंडावर कोणाच्या तरी लक्षात आली. लग्नानंतर नाव बदलणे आपल्याकडे घरोघरी असते, तेव्हा ही तपासणी पहिल्याच दिवशी व्हायला हवी. दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. मुलाच्या तपासणीच्या तारखांची फोन करून आठवण दिली जाते, पण किडनी देणाऱ्या आजीचा रक्तदाब, क्रिएटिनिन (किडनीचे काम दाखवणारी रक्तचाचणी) आणि लघवीतील प्रथिने दरवर्षी पाहायची असूनही तिला एकदाही फोन आलेला नाही. ते आम्हीच लक्षात ठेवतो. दात्याची इतकी कदर करणाऱ्या विभागाने शस्त्रक्रियेनंतर तिला असे सोडून द्यावे, हे मला पटत नाही, आणि तसे मी लेखी कळवले आहे.

एवढे असूनही मी हा विभाग इतरांना सुचवेन. पहिल्या भेटीला जाताना मुलाचा जन्मदाखला, घरातील सर्वांचे रक्तगट आणि इच्छुक नातेवाइकांची माहेर-सासर जोडणारी कागदपत्रे सोबत न्यावीत. आणि समन्वयकांनी दात्याला एकटे आत बोलावले, तर आपण बाहेरच थांबावे.