बडोद्यात मासळीचं जेवण: थाळी, वजनावरचा मासा की हॉटेलचा बुफे?

घरातली चार माणसं, निमित्त वाढदिवसाचं. जागा जरा बरी हवी, मासळी चांगली हवी आणि बिल आवाक्यात राहायला हवं. बडोद्यात या अटींत बसणारे तीन प्रकार आहेत: मालवणी-गोमंतकी पद्धतीच्या रेस्टॉरंटमधली थाळी, सीफूड रेस्टॉरंटात वजनावर घेतलेला अख्खा मासा, आणि मोठ्या हॉटेलातला शनिवार-रविवारचा बुफे. गुजरातेत दारूबंदी असल्यामुळे बिलात ड्रिंक्सचा आकडा येत नाही, सगळे पैसे ताटातच जातात. त्यामुळे बजेट ठरवताना मुंबईचं बिल डोळ्यांसमोर ठेवू नका.

आधी एक गोष्ट मान्य करून टाकू. बडोदं समुद्रावर नाही. मुंबई रेल्वेनं ३९२ किलोमीटर, सौराष्ट्रातलं वेरावळ बंदर चारशेच्या आसपास. इथे येणारा समुद्राचा मासा एक तर बर्फात येतो, नाही तर फ्रोझन. म्हणून वेटरला ‘मासा ताजा आहे का?’ असं विचारू नये, उत्तर ‘हो’च येणार. ‘बर्फातला आहे की फ्रोझन? आणि कधी आला?’ असं विचारा. नीट बर्फात ठेवलेलं दोन दिवसांचं पापलेट उत्तम लागतं, त्यात काही कमी नाही. वाईट असतो तो अर्धवट वितळवून पुन्हा गोठवलेला मासा. तो शिजल्यावर बशीत पाणी सोडतो आणि त्याचं मांस पाकळ्यांनी सुटायच्या ऐवजी भुसभुशीत लागतं.

वजनावरच्या माशात सगळ्यात जास्त आनंद आहे आणि सगळ्यात जास्त फसगतही. मेनूवर किमतीच्या जागी ‘साइझप्रमाणे’ लिहिलेलं असतं. दर किलोचा आहे, १०० ग्रॅमचा आहे की नगाचा, हे आधी स्पष्ट करून घ्या. समजा वेटर ‘दोनशे वीस’ म्हणाला आणि तो दर १०० ग्रॅमचा निघाला, तर ४५० ग्रॅमचं पापलेट ₹९९० ला पडलं. वजन साफ करायच्या आधीचं धरतात, आणि ते रीतीला धरूनच आहे. पण डोकं, काटा, पोट गेल्यावर खायचं मांस साधारण निम्मं उरतं, हा हिशेब डोक्यात असू द्या. ४५० ग्रॅमचा मासा दोघांना पुरतो. चौघांना तो चाखण्यापुरताच.

चौघांसाठी ७०० ग्रॅमचं एक पापलेट मागवावं की साडेतीनशेची दोन? दोन घ्या. पापलेटाचा किलोचा भाव आकारासोबत चढतो, म्हणजे तेवढ्याच वजनाला मोठा मासा महाग पडतो. शिवाय छोटा मासा तव्यावर सारखा शिजतो. मोठ्याची शेपटी कोरडी पडते तरी मणक्याजवळचा भाग कच्चाच राहतो. तंदूरसाठी मात्र ४०० ग्रॅमच्या खाली जाऊ नका, भट्टीच्या आचेत लहान मासा वाळून जातो. रवा लावून तव्यावर भाजायला २५० ते ३५० ग्रॅम हे माप अगदी बरोबर. सुरमई घ्यायची तर ‘मधली तुकडी’ मागा, दीड-दोन सेंटिमीटर जाडीची. पातळ तुकडी तेलात पडताच कडक होते, आणि मग सुरमईत सुरमईपण उरत नाही.

शिजवायच्या आधी मासा ताटात घालून दाखवायला सांगा. चांगल्या ठिकाणी यात कोणी वाईट वाटून घेत नाही. डोळा फुगीर आणि स्वच्छ हवा, आत बसलेला, दुधाळ नको. कल्ले उचलून बघा, ते लाल हवेत. तपकिरी असतील तर दुसरा मासा मागा. पोटावर बोट दाबलं की खळगा भरून यायला हवा. कोळंबी डोक्यासकट असेल आणि डोकं काळं पडून ढिलं झालं असेल, तर ती नकोच. बांगडा, सुरमई आणि कुपा (ट्यूना) या माशांबाबत विशेष जपा. हे मासे गरम हवेत पडून राहिले तर त्यांच्यात हिस्टामीन नावाचं बाधक द्रव्य तयार होतं आणि ते तळून किंवा शिजवून जात नाही. पहिल्याच घासाला जीभ मिरपुडीसारखी चुरचुरली तर तो घास मसाल्याच्या नावावर खपवू नका, थाळी बाजूला सारा.

थाळीचं गणित सोपं. किंमत ठरलेली, पोट भरणार हे नक्की. तळलेली एक तुकडी, कालवण, सुकट किंवा कोळंबीचं सुकं, भाकरी, भात आणि सोलकढी. नुसतं ‘फिश थाळी’ लिहिलं असेल आणि माशाचं नाव नसेल, तर तो बहुतेक बासा किंवा रोहू असतो. त्यात गैर काही नाही, पण मग सुरमई थाळीचा भाव देऊ नका. खरी परीक्षा कालवणाची. बडोद्यात बऱ्याच ठिकाणी पनीरला जी कांदा-टोमॅटोची ग्रेव्ही जाते, तीच ‘फिश करी’ म्हणून समोर येते. ‘वाटण नारळाचं आहे का? बांगड्याला तिरफळ घालता का?’ एवढे दोन प्रश्न विचारले की स्वयंपाकघरात कोण उभं आहे ते कळतं. सोलकढीही बरंच सांगते. ताज्या नारळाच्या दुधाची आणि कोकमाच्या आगळाची सोलकढी फिकट गुलाबी असते आणि थोडा वेळ ठेवली की वर दाट थर येतो. भडक राणी रंगाची, तासभर एकसारखी राहणारी सोलकढी बहुतेक पावडरची असते.

बोंबील दिसले तर थाळीत जरूर घ्या. जाफराबादचे बोंबील नावाजलेले आहेत, म्हणजे ही आपल्या राज्याची वस्तू. पण बोंबलात पाण्याचाच भाग जास्त. तळण्याआधी वजनाखाली दाबून ते पाणी काढावं लागतं. हे काम राहिलं तर बाहेरचा रवा भिजतो आणि आत लगदा होतो. नीट दाबलेला तळलेला बोंबील काट्यासकट खाता येतो, पाचव्या मिनिटालाही कुरकुरीत असतो आणि बशीत तेलाचा डाग फारसा सोडत नाही.

बुफेबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. मुलं लहान असतील, घरात कोणी शाकाहारी असेल, गोडाचे पाच प्रकार हवे असतील, तर जा. मासळीसाठी जाऊ नका. झाकणाच्या भांड्यात तळलेला मासा स्वतःच्याच वाफेनं मऊ पडतो आणि कोळंबी अर्ध्या तासात रबरासारखी होते. जायचंच असेल तर बुफे उघडतानाच पोहोचा आणि समोर तळून देणाऱ्या काउंटरवर उभे राहा. पुन्हा कराचा फरक आहेच. साध्या रेस्टॉरंटला ५ टक्के जीएसटी. ज्या हॉटेलात खोलीचं भाडं दिवसाला ₹७,५०० च्या वर जातं, तिथल्या रेस्टॉरंटला १८ टक्के. ₹४,००० च्या जेवणावर हा फरक ₹२०० आणि ₹७२० असा पडतो. सर्व्हिस चार्ज तुमच्या मर्जीचा असतो. बिलात परस्पर लावला असेल तर काढायला सांगा. २०२२ पासून ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचे तसे स्पष्ट निर्देश आहेत.

दिवस कोणता निवडता यावरही बरंच अवलंबून आहे. आपल्याकडे सोमवार, गुरुवार, शनिवार कित्येक घरांत मासळी शिजत नाही. बुधवार, शुक्रवार आणि रविवारी खप जास्त, म्हणून माल फिरता. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. या दोन महिन्यांत पापलेट, सुरमई टाळा, जे मिळेल ते फ्रोझन असण्याची शक्यता मोठी. त्या काळात तळ्यातली कोळंबी घ्या, दक्षिण गुजरातेत तिची शेती आहे. श्रावणात मराठी आणि गुजराती दोन्ही घरं एकदमच शाकाहारी होतात, कारण दोघांचा महिना एकाच दिवशी लागतो. रेस्टॉरंट चालू असलं तरी माल पडून राहतो, म्हणून तेव्हा आणि नवरात्रात थांबलेलं बरं. गणपती गेल्यावर नवरात्र लागेपर्यंतचे दिवस, आणि पुढे दिवाळीनंतर होळीपर्यंतचा काळ, हा खायचा मोसम.

तेव्हा चौघांसाठी आमची पसंती अशी: सुरमई किंवा कोळंबीच्या दोन थाळ्या, साडेतीनशे ग्रॅमची दोन पापलेटं तव्यावर, एक जास्तीचं कालवण आणि भात. एक थाळी दोघांत वाटून खाऊ देत नाहीत अशी ठिकाणं पुष्कळ आहेत, म्हणून थाळी घेणारे आणि भात-कालवण घेणारे आधीच ठरवून बसा. सोबत कोणी शाकाहारी असेल तर फक्त ‘व्हेज वेगळं आहे ना?’ असं विचारून भागत नाही. कढई आणि तेल वेगळं आहे का, ते विचारा.

दुपारी चारच्या सुमारास एक फोन करा. आज काय आलंय आणि केवढ्या आकाराचं, विचारा आणि दोन पापलेटं नावावर ठेवायला सांगा. उरलेलं कालवण बांधून घ्या, फ्रिजमध्ये ठेवलं तर दुसऱ्या दिवशी मुरून जास्त चांगलं लागतं. तळलेली तुकडी मात्र टेबलावरच संपवा.