डेटा सफिशियन्सीची ‘एडी-बीसीई’ पद्धत: काही महिने वापरल्यानंतर

डेटा सफिशियन्सीत एक प्रश्न आणि दोन विधानं असतात. उत्तर काढायचं नसतं, ते काढायला विधानं पुरतात का एवढंच सांगायचं. पाच पर्याय ठरलेले: ए म्हणजे फक्त पहिलं पुरतं, बी म्हणजे फक्त दुसरं, सी म्हणजे दोन्ही मिळून, डी म्हणजे प्रत्येक एकटं पुरतं, ई म्हणजे दोन्ही मिळूनही नाही. जीमॅट या एमबीएच्या प्रवेश परीक्षेत हा प्रकार आता क्वांटमध्ये, म्हणजे गणिताच्या विभागात नाही, डेटा इनसाइट्स या विभागात येतो. तिथे 45 मिनिटांत 20 प्रश्न, म्हणजे प्रश्नाला सव्वादोन मिनिटं. दर वेळी पाचही पर्याय वाचत बसायला वेळच नसतो. तो वेळ ही पद्धत नक्की वाचवते.

कच्च्या कामात वर एडी लिहायचं, खाली बीसीई. पहिलं विधान एकटं पुरलं तर खालची ओळ खोडा, नाही पुरलं तर वरची. मग पहिलं विधान पूर्ण विसरून दुसरं वाचा. चुका इथेच सगळ्यात जास्त होतात, पहिल्यातली माहिती नकळत दुसऱ्यात घुसते. दुसरं विधान सोपं दिसलं तर तिथूनच सुरुवात करा. ओळी मग बीडी आणि एसीई.

पण खोडाखोड करून गणित सुटत नाही. समजा, दादरच्या एका गाडीवर वडापाव 18 रुपये, चहा 13. वडापाव किती घेतले? विधान एक: बिल 137 रुपये. विधान दोन: वडापाव आणि चहा मिळून 9. दोन अज्ञात, दोन समीकरणं, म्हणून हात आपोआप सी कडे जातो. उत्तर ए आहे! वडापाव अर्धा मिळत नाही, आणि पूर्ण संख्यांत 137 ची बेरीज एकाच प्रकारे जुळते: 4 वडापाव, 5 चहा. दर 20 आणि 10, बिल 130 असतं तर अनेक जोड्या बसल्या असत्या आणि सी बरोबर ठरला असता. म्हणून जोड्या मांडून बघायच्याच.

हो-नाहीच्या प्रश्नात ठाम ‘नाही’ सुद्धा पुरेसं असतं. ‘क्ष धन आहे का?’ याला ‘क्षचा घन उणे 8’ हे विधान पुरतं. शंका असेल तिथे 0, 1, उणे 1, अर्धा घालून दोन वेगळी उत्तरं निघतात का ते पाहा.

मुंबईत काही जण जीमॅटबरोबर कांदिवलीच्या आयबीपीएस या संस्थेच्या बँकभरतीच्या परीक्षाही देतात. त्यांनी ओळींची ही जाळी तशीच उचलू नये. बँकेच्या पेपरात सहसा सी म्हणजे ‘कोणतंही एक’, डी म्हणजे ‘दोन्ही मिळूनही नाही’, ई म्हणजे ‘दोन्ही मिळून’. तिथे ओळी एसी आणि बीडीई होतात. पर्यायांचा क्रम आधी वाचून घ्या. तीन विधानांच्या प्रश्नाला ही जाळी चालत नाही. तिथे एकेक विधान, मग जोड्या, मग तिन्ही, असंच तपासावं लागतं.