जाळीच्या पाठीची ऑफिस खुर्ची : उन्हाळा, पावसाळा आणि थंडी काढल्यावर

पाठीला जाळी, बसायला फोम, सिंक्रो टिल्ट (मागे रेलण्याची यंत्रणा), पुढेमागे सरकणारी सीट, तीन दिशांनी हलणारे हात, सीट वर-खाली करणारी क्लास ४ गॅस लिफ्ट, नायलॉनचा पाच पायांचा तळ आणि ६० मिलिमीटरची चाकं. अशी खुर्ची नाशिकमध्ये साधारण पंधरा हजारांच्या आतबाहेर मिळते. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. हाच साचा वेगवेगळ्या नावांनी विकला जातो आणि नावापेक्षा मापं जास्त उपयोगी पडतात. वापर गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये, व्हिट्रिफाइड टाइल्सवर, नेहमीच्या ३० इंची टेबलासमोर, दिवसाचे आठ-नऊ तास.

निकाल आधीच सांगून टाकतो. खुर्ची चांगली निघाली. सुरुवातीला खांदे आणि मान भरून यायची, त्याचं मूळ टेबलात होतं. दुकानात लंबर सपोर्ट, म्हणजे कंबरेमागचा फुगीर आधार, हौसेनं दाखवतात, हेडरेस्ट दाखवतात, खुर्ची मागे झुकवून दाखवतात. टेबल किती उंच आहे, हे मात्र कोणी विचारत नाही.

म्हणून खुर्ची बघायला जाण्याआधी घरीच टेप घेऊन तीन मापं काढा, आणि ती अनवाणी काढा. घरून काम करताना आपल्या पायांत बूट नसतात. दुकानात बुटांसह बसून बघितलेली खुर्ची घरी आल्यावर दोन-तीन सेंटिमीटर उंच वाटते, ती त्यामुळेच. पहिलं माप जमिनीपासून गुडघ्यामागच्या खोबणीपर्यंत. दुसरं, भिंतीला पाठ टेकवून स्टुलावर बसल्यावर भिंतीपासून त्याच खोबणीपर्यंत. तिसरं, हात सैल सोडून कोपरात काटकोनात वाकवल्यावर बैठकीपासून कोपरापर्यंत.

पाच फूट तीन इंच उंचीच्या व्यक्तीचं उदाहरण घेऊ. पहिलं माप ४० सेंटिमीटरच्या आसपास येतं, तिसरं २२ च्या. म्हणजे पाय जमिनीवर नीट टेकले की कोपर ६२ वर. टेबल ७६ सेंटिमीटर, त्यावर लॅपटॉपच्या कीबोर्डची जाडी धरली की बोटं ७८ वर. फरक १६ सेंटिमीटरचा. हा फरक शरीर खांदे उचलून भरून काढतं, आणि संध्याकाळपर्यंत मानेच्या दोन्ही बाजू दगडासारख्या होतात. खुर्ची वर घेतली तर खांदे सुटतात, पण पाय लोंबकळतात, सीटची कड मांडीखाली रुतते आणि पायाला मुंग्या येतात. मग माणूस खुर्चीतच मांडी घालून बसतो. ही सवय आपल्याकडे सरसकट दिसते. त्यात जमिनीवर बसायच्या सवयीचा वाटा असेलही, पण बऱ्याच वेळा सीट उंच असते आणि पायांना टेकायला काही नसतं, एवढंच.

उपाय दोन्हीकडून करायचा. टेबल प्लायवूडचं असेल तर सुताराकडून पाय अडीच इंच कापून घ्या; लोखंडी असेल तर सातपूर-अंबडकडचा कुठलाही फॅब्रिकेशनवाला कापून खाली नवे बूच बसवून देतो. टेबल ७० वर आलं, सीट ४७ वर ठेवली की कोपर ६९ वर आणि कीबोर्ड ७२ वर. एवढा फरक चालतो. पायाखाली उरतात ७ सेंटिमीटर, त्याला घरातला लाकडी पाट पुरतो. फक्त पाटाच्या तळाला रबराची पट्टी चिकटवा, नाहीतर टाइलवर तो पायाबरोबर पळतो. कापण्याआधी एक बघा: टेबलाच्या फळीखाली ड्रॉवर आहे का? १० सेंटिमीटरचा ड्रॉवर असला तर ७० च्या टेबलाखाली ५७-५८ सेंटिमीटरच जागा उरते. सीट ४७ वर आणि मांडीची जाडी १३-१४. गुडघे आतच जाणार नाहीत. अशा टेबलाचा ड्रॉवर आधी काढावा लागतो.

खुर्चीच्या जाहिरातीत दिलेली सीटची उंची रिकाम्या खुर्चीची असते. माणूस बसला की फोम दोन-तीन सेंटिमीटर दबतो. त्यामुळे उंची कुणाला तरी बसवूनच मोजा. साध्या गॅस लिफ्टच्या खुर्च्या साधारण ४५ ते ५५ च्या पट्ट्यात फिरतात. पाच फुटांच्या आतबाहेर उंची असेल आणि टेबल खाली घेता येत असेल, तर आखूड गॅस लिफ्ट मागा. ती वेगळी मिळते, पण दुकानदार आपणहून सांगत नाही.

आता सीटची खोली. या खुर्चीत सगळ्यात कामाची गोष्ट कुठली असेल तर सरकणारी सीट, आणि विकताना तिच्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. पाठ पूर्ण टेकवून बसल्यावर सीटची पुढची कड आणि गुडघ्यामागची खोबण यांच्यात दोन ते तीन बोटं जायला हवीत. त्याहून कमी जागा राहिली तर कड पोटरीच्या वर टोचते, माणूस नकळत पुढे सरकतो, कंबर मागे गोल होते आणि सगळा भार माकडहाडावर येतो. मग मागे कितीही भारी लंबर सपोर्ट असला तरी तो हवेतच राहतो. या खुर्चीची सीट ४३ ते ४८ सेंटिमीटर सरकते. सव्वापाच फुटांच्या माणसाला सगळ्यात आखूड खाच लागते; पाच फुटांखालच्यांना तीही लांब पडेल. सहा फुटी माणसाला उलटी अडचण: सीट आखूड पडली की मांडीचा पुढचा भाग अधांतरी राहतो.

लंबरची उंची पाठीचा पूर्ण भाग वर उचलून बदलते. टक-टक आवाज करत एकेक खाच वर जाते आणि अगदी वर नेली की खटकन सगळ्यात खाली येते. काही बिघडलेलं नसतं, यंत्रणाच तशी आहे. फुगवटा बेंबीच्या मागच्या बाजूला, सीटपासून १५ ते २२ सेंटिमीटरच्या दरम्यान यायला हवा. बरगड्यांना लागत असेल तर खूप वर आहे. पहिल्या आठवड्यात तो बोचल्यासारखा वाटतो. दोन आठवड्यांनंतरही बोचत असेल तर जागा चुकली आहे.

टिल्टबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण इथेच पैसे वाया जातात. बहुतेक लोक पाठ ताठ ठेवून लॉक करतात आणि वर्षभर तशीच वापरतात. तसंच करायचं असेल तर सिंक्रोवर खर्च करायची गरज नाही. सिंक्रो टिल्टमध्ये पाठ साधारण दोन अंश मागे गेली की सीट एक अंश झुकते. त्यामुळे मागे रेलल्यावर पाय जमिनीवरच राहतात. स्वस्त खुर्च्यांतल्या सेंटर टिल्टमध्ये पाठ आणि सीट एकत्र झुकतात, गुडघे वर उचलले जातात, टाचा सुटतात. दुकानात दोन्ही शेजारी ठेवून रेलून बघा, फरक लगेच कळतो.

लॉक काढा, पाय टेकवा आणि सीटखालची टेन्शनची मूठ फिरवत मागे रेला. जिथे थांबाल तिथे पाठ तुम्हाला धरून ठेवते, ढकलत नाही आणि पाडतही नाही, तो तुमचा ताण. या खुर्चीत मूठ खूप फिरवावी लागते, हाताला रग लागते. मूठ पूर्ण सैल केली तरी ५० किलोच्या आतल्या माणसाला स्प्रिंग जड वाटते. जोर लावून मागे जावं लागत असेल तर तशी व्यक्ती टिल्ट वापरणारच नाही, हे गृहीत धरून दुसरं मॉडेल बघावं. बसण्याचा कोन टाइप करताना शंभर-सव्वाशे अंशांत बदलत राहिला की कंबरेला बरं. एकाच कोनात थिजून बसलं तर महागडी खुर्चीही दुखवते.

खुर्चीच्या हातांची उंची कोपराला लागेल एवढीच हवी. हात टेबलाच्या कडेपेक्षा वर राहिले तर ते कडेला आपटतात, खुर्ची आत जात नाही आणि माणूस लांबून वाकून टाइप करतो. हेडरेस्टबद्दल फार बोलण्यासारखं नाही. तो रेलल्यावरच कामाचा. ताठ बसून काम करताना डोकं पुढे ढकलतो. दोन स्क्रू काढले की सुटतो.

हवामानाचं म्हणाल तर नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये जाळीची पाठ खरोखर सुखाची. पण फोमची सीट गरम व्हायची ती होतेच, जाळी मांडीला वाचवत नाही. पूर्ण जाळीची सीट घेण्याचा मोह होतो, पण तिची कड घट्ट असेल तर मांडीला फ्रेम लागते आणि हलकी जाळी कालांतराने झोळी होते. डिसेंबर-जानेवारीत, निफाडचा पारा पेपरात झळकतो त्या दिवसांत, खिडकीजवळ बसलं तर त्याच जाळीतून पाठ गार पडते. पातळ शाल चालते, जाड गोधडी टाकली की लंबर बुजतो. जाळीत धूळ बसते, ती महिन्यातून एकदा व्हॅक्युमच्या ब्रशने काढावी. ओल्या फडक्याने आधी पुसलं तर धुळीचा चिखल होऊन छिद्रांत जातो. रेक्झिनच्या खुर्च्या पावसाळी दमटपणाने दोन-तीन वर्षांत पापुद्रे सोडतात, म्हणून ते टाळलेलं बरं.

बिघाड काय निघाले? पहिला म्हणजे खुर्चीचे हात डुगडुगायला लागले. जोडणी करताना एकेक बोल्ट पूर्ण आवळत जाण्याने हे होतं. सगळे बोल्ट आधी अर्धे लावून, मग आडवे-तिडवे आवळावेत. महिन्याभराने पुन्हा एकदा एलन की फिरवावी, आणि तरीही सैल होत असतील तर निळं थ्रेडलॉक (बोल्टच्या आट्यांना लावायचा चिकट द्रव) एक थेंब. लाल लावू नका, पुढे बोल्ट उघडताना घाम फुटेल. दुसरा, रेलताना करकर. खुर्ची उलटी करून टिल्टच्या दोन्ही पिनांवर थोडं ग्रीस दिलं की थांबते. नुसत्या गंजनाशक स्प्रेने आठवडाभर गप्प बसते आणि परत सुरू होते. तिसरा, नायलॉनची चाकं. टाइलवर ती खडखडतात आणि उठताना खुर्ची मागे पळते. पीयूची (पॉलियुरेथेनची) मऊ चाकं बसवली की आवाज जातो. बहुतेक खुर्च्यांच्या चाकाची दांडी ११ मिलिमीटरची असते. मापून घ्या, जुनं चाक सरळ ओढून निघतं. केस आणि दोरे दांडीपाशी गुंडाळतात, ते कात्रीने काढत राहा.

गॅस लिफ्ट अजून ठीक आहे. ती गेली की खुर्ची बसल्या बसल्या हळूहळू खाली येते. शंका आली तर सीटची उंची सकाळी मोजा आणि उठायच्या आधी मोजा. सील गेलेली लिफ्ट दुरुस्त होत नाही, बदलावी लागते. तळ काढण्यासाठी रबरी हातोडीने सिलिंडरच्या कडेवर गोल फिरून ठोके द्या, मधल्या पिनेवर नाही. वरून सिलिंडर पाइप पान्याने पिळून निघतो. आत उच्च दाबाचा नायट्रोजन असतो, त्यामुळे तो कापणं किंवा भोक पाडणं म्हणजे जिवाशी खेळ.

वॉरंटीचा कागद नीट वाचा. टिल्ट आणि लिफ्ट त्यात असते. जाळी, फोम आणि हातांची गादी बहुधा नसते. नाशिकला माणूस येतो की फक्त भाग कुरिअरने येतो, हेही पैसे देण्याआधी विचारा. आयएस १७६३१ हे कामाच्या खुर्च्यांचं भारतीय मानक आहे. त्यातून खुर्चीच्या मजबुतीचा अंदाज येतो, ती तुमच्या मापाची आहे की नाही हे मात्र टेपच सांगेल.

बजेट कमी असेल तर बंद झालेल्या ऑफिसांतली जुनी चांगली खुर्ची नव्या फुसक्या खुर्चीपेक्षा केव्हाही बरी. बघताना ती उलटी करा आणि तळाचे पाय मधल्या गोलाला मिळतात तिथे केसाएवढा तडा आहे का ते पाहा. असला तर सोडून द्या. लिफ्ट आणि चाकं बदलता येतात. फोम दबला असेल तर सोफावाल्याकडून ४० डेन्सिटीचा फोम कापून घालता येतो. तो मूळच्याच जाडीचा घ्या. दोन सेंटिमीटर जाड घातला तर सीट तेवढी वर येते, आणि लंबर व हात तुमच्या अंगाच्या हिशोबाने दोन सेंटिमीटर खाली जातात.